विसाव्या अक्षांशावरून

चिकलठाणा
रविवार, ५ जानेवारी २०२५

प्रांजली,

जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी आतला तक्ता काढून ठेव. येत्या चार रविवारच्या वेळा त्यात लिहिल्या आहेत, तुझ्या कोइमतूरच्या आकाशाप्रमाणे आणि आपल्या भारतीय घड्याळाने. जागतिक वेळेत लिहिल्या असत्या, तर साडेपाच तास मिळवता मिळवता तू मला आणखी चार शब्द ऐकवले असतेस.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. ई-मेल उघडत नाहीस. जावई भला माणूस, पण ‘सांगतो तिला, आई’ याच्यापुढे त्यांची गाडी जात नाही. उरलं पोस्ट. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

बातमी अशी की आपला पावणा चालला. आपल्या हॅम रेडिओवाल्यांचे आवाज झेलून परत खाली पाठवणाऱ्या त्या जुन्या उपग्रहाला तुझ्या बाबांनी हे नाव ठेवलं तेव्हा तू दहावीत होतीस. ‘येतो, बारा मिनिटं बसतो, चहा उकळेपर्यंत उठून जातो, हा पावणाच,’ असं म्हणायचे. त्याची बॅटरी केव्हाच मेली, ऊन अंगावर आहे तोवर बोलतो, हे तुला माहीत आहे. आता तो खालीही यायला लागलाय. डोक्यावरून जायचा त्याचा बारा मिनिटांचा पास सहा मिनिटांवर आलाय. हिशोब करणारे म्हणतात, फेब्रुवारीच्या आठ तारखेच्या आसपास जळून जाईल.

तुझा पहिला संपर्क त्याच्यावरच झाला होता. लायसन्स हातात पडून आठवडा झाला नव्हता. गच्चीवर बाबा अँटेना धरून उभे, मी तक्ता घेऊन, आणि कोलंबोच्या माणसाने हाक मारल्यावर कॉल साइन सांगायची सोडून तू ‘मी प्रांजली’ म्हणालीस. त्याला काय कळलं असेल देव जाणे, पण त्याने ‘प्रांजली’ असंच लिहून कार्ड पाठवलं.

तर मला एवढंच हवं आहे. पावणा जळायच्या आत एकदा त्याच्यावर तुझा आवाज ऐकायचाय. भांडण मिटव म्हणत नाही. कॉल साइन, सिग्नल कसा येतोय, नकाशावरचा तुझा चौकोन कुठला, संपलं. रस्त्यावरच्या माणसाला देतेस तेवढं मला दे.

मी दर रविवारी गाडी काढून वेगळ्या चौकोनात जाणार आहे. बारा तारखेला जालन्याच्या पुढे, एकोणीसला अजिंठा, सव्वीसला बीडकडे आणि शेवटी खुलताबाद. एरवी या चौकोनांतून कुणी बोलत नाही, त्यामुळे लोक आशेने कान लावून बसतात. पृथ्वीचे चौकोन पाडून ते गोळा करत बसणारी शहाणी माणसं जगात असतात, हे शेजारच्या चंपाआत्यांना अजून पटलेलं नाही. ‘नवरा गेला, आता तरी बाई गच्चीवरून खाली उतरेल,’ असं त्या सगळ्या गल्लीला सांगतात.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, तुझ्या छंदापायी बाबा गेले. मी तेव्हा काही बोलले नाही. पास चालू असताना फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर त्याची कुरकुर सेटमध्ये येते, हे तूच मला शिकवलं होतंस. त्या दिवशी दोन पासांच्या मधल्या वेळात तो चालू करायचा राहून गेला. झालं ते झालं.

बाराला अकरा वाजून चौदा मिनिटं. खिडकीतून नको, गच्चीवर जा.

आई


जालन्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रांजली,

सात जण मिळाले. तू नव्हतीस.

पत्र अजून पोचलं नसेल, अशी मनाची समजूत घातली आहे. स्पीड पोस्टवाले पाच दिवस म्हणतात, आज सातवा.

मागच्या गल्लीतला कडूबा जीपवाला आठवतो ना, त्याचीच जीप घेतली. तो गाडी हळू चालवतो आणि कमी बोलतो, म्हणून मला चालतो. शहात्तरावा रेखांश ओलांडून नव्या चौकोनात शिरलो तसं त्याला थांबायला सांगितलं, तर तो खाली उतरून रस्ता न्याहाळायला लागला. म्हणे, ‘रेघ कुठं दिसत नाय मॅडम.’

अँटेना तीच, बाबांनी केलेली, प्लास्टिकच्या पाइपवर लोखंडी मोजपट्टीचे तुकडे बसवलेली. मधला एक तुकडा गंजला होता, तो बदलला. पूर्वी बाबा धरायचे, मी बोलायचे आणि लिहायचे. आता डाव्या हातात अँटेना, उजव्या हातात सेट, आणि लिहायला तिसरा हात नाही. कडूबाला धरायला दिली, तर मेंढरं हाकल्यासारखी त्याने ती आकाशभर फिरवली. पावणा कुठे आहे ते बाबांना न बघता कळायचं. मी तोंडाने ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत त्यांचा हात गेलेला असायचा.

माणसं जमलीच. एकाला वाटलं मोबाइलचा टॉवर येतोय, एका बाईला वाटलं हवामान खातं आहे, आणि तिने मला गारपिटीबद्दल विचारलं. मी म्हटलं, होणार नाही. तेवढंच तिला बरं वाटलं.

नांदेडचे रामकिसन सर खणखणीत आले. सत्तरी उलटली तरी सेटवर मास्तरच आहेत. माझी नोंद झाल्यावर म्हणाले, ‘संध्याताई, लेक कुठं आहे तुमची? लई दिवस ऐकली नाय.’ सहा मिनिटांच्या पासात असलं विचारत नाहीत, पण म्हाताऱ्याला कोण सांगणार. मी म्हटलं, असते, संसारात गुंतलीय. तेवढ्यात पावणा क्षितिजाखाली गेला आणि माझी सुटका झाली.

परत येताना कडूबा म्हणाला, ‘ताईला सरळ फोन लावा की.’

‘माझा नंबर बंद केलाय तिनं.’

‘मंग माझ्या फोनवरनं लावा.’

‘नको.’

बदनापूर गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, ‘मी बोलू का? त्या दिशी मी व्हतो की गाडीत.’

मी त्याला रस्त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. मला जरा जास्तच झोंबलं असेल.

एकोणीसला अकरा वाजून एकतीस.

आई


अजिंठा
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रांजली,

तू आलीस.

गावाच्या वर, एका शेताच्या बांधावर उभी होते. पावणा वर आला, दोघातिघांना चौकोन दिला, आणि मधेच कुणीतरी बाईमाणूस बोललं. मला वाटलं बेंगळुरूची कुणी असेल. मग तुझी कॉल साइन कानात शिरली आणि माझी तोंडात अडकली. तीस वर्षं जी अक्षरं झोपेत म्हणते ती मला आठवेनात. ‘थांब,’ म्हणाले मी, मराठीत, अर्ध्या आशिया खंडाला ऐकू जाईल असं.

तू थांबलीस. मग नेहमीसारखं, न चुकता, न अडखळता: सिग्नल फाइव्ह नाइन, चौकोन माइक किलो एट वन. मी माझा सांगितला. तू ‘रॉजर’ म्हणालीस. त्यानंतर बटण न सोडता एक-दोन सेकंद नुसतीच राहिलीस आणि मागे कुकरची शिट्टी झाली. डाळ असेल तर तीनच कर, तुमच्याकडचे कुकर लवकर चढतात.

तू मला अनोळखी माणसाला देतेस तेवढंच दिलंस, आणि मी तेवढंच मागितलं होतं. आणखी काही मागायचा माझा विचार नाही. पण ते दोन सेकंद कुणी अनोळखी माणसाला देत नाही, हे मी कडूबाला सांगितलं. तो म्हणाला, ‘व्हय, शिट्टी म्या बी ऐकली.’

मग आम्ही गावात जाऊन भजी खाल्ली. मी दोन प्लेट खाल्ल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदा चव लागली.

सव्वीसला बीड. बारा वाजून पाच.

आई


चिकलठाणा
रविवार, २६ जानेवारी २०२५

प्रांजली,

आज बीडला गेले नाही. तू त्या वेळी गच्चीवर उभी राहिली असशील तर माझं चुकलं. या पत्रात माझ्या चुका सांगायच्याच आहेत, तिथून सुरुवात झाली म्हण.

तुझं कार्ड काल दुपारी आलं. संपर्क झाला की दोघांनी एकमेकांना कार्ड पाठवायचं, ही आपल्यातली जुनी रीत, आणि तू ती पाळलीस. पुढच्या बाजूला तारीख, वेळ, सिग्नल, सगळं जागच्या जागी. मागे तुझ्या बारीक अक्षरात चार ओळी. ‘बाबा गेले त्या दिवशी तुझा फोन बंद राहिला. ती चूक होती, गुन्हा नव्हता. हे म्हणायला मला चौदा महिने लागले. मार्चमध्ये चार दिवस येते.’

मी दारातच उभी राहून रडले. मग तुझी खोली उघडली, गादी उन्हात टाकली. कडूबा गाडी धूत होता, त्याला हाक मारून कार्ड वाचून दाखवलं. इतका आनंद मला एकटीला सहन होईना.

त्याने ऐकून घेतलं. पाइपाचं पाणी बंद केलं. मग हळू म्हणाला, ‘मॅडम, मी कुनाला सांगनार नाय. पन त्या दिशी मी तिथंच व्हतो.’

एवढंच बोलून तो पुन्हा गाडी धुवायला लागला. गादी मी संध्याकाळी आत आणली.

आता ऐक. २६ नोव्हेंबर, संविधान दिन, रविवार, तू माहेरी आलेली. खुलताबादच्या अलीकडे, टेकाडावर. कडूबाच्या वडिलांची मेंढरं पूर्वी तिथे बसायची, म्हणून जागा त्यानेच दाखवली होती. विसाव्या अक्षांशाची रेघ तिथून जाते आणि तिच्यावर उभं राहिलं की एका पायाखाली एक चौकोन, दुसऱ्या पायाखाली दुसरा, बोलणाऱ्याला दोन्ही मिळतात. तीन आठवडे आधीपासून मी सगळीकडे कळवून ठेवलं होतं.

पहिला पास अकरा वाजून सतरा मिनिटांनी संपला. मी फोन चालू केला. राहून गेलं नव्हतं. पुढच्या पासची ताजी वेळ बघायला मी तो प्रत्येक वेळी चालू करते, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. तू इतकी मोडून गेली होतीस की आलं नाही, आणि मी ते तसंच राहू दिलं.

तुझे सहा मिस्ड कॉल होते. एक मेसेज होता. ‘बाबांच्या छातीत दुखतंय, खूप घाम आलाय, लवकर ये.’ डोंगरावर रेंज नसते म्हणून तू साधा एसएमएस केला होतास. त्याच्यावर वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत नाहीत. मी तो दोनदा वाचला.

कडूबा म्हणाला, ‘घरचा फोन हाय का? निघू मंग.’ मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, रात्री मटण खाल्लंय, एक पास करून निघू. तुला उलटा फोन केला नाही. केला असता तर तुझा आवाज ऐकून मला निघावंच लागलं असतं, म्हणून नाही केला. फोन परत एअरप्लेन मोडवर टाकला आणि जवळजवळ दीड तास त्या टेकाडावर डबा खात बसले.

तिथून घर एक तास. निघाले असते तर सव्वाबाराला जीप दारात असती. गल्लीतली सगळी माणसं रॅलीला गेली होती, ॲम्ब्युलन्स आलीच नाही, तुला रिक्षा मिळाली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर. तू तो अर्धा तास रिक्षावाल्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि स्वतःच्या माथी मारलास. माझ्याकडे सव्वाअकरापासून होता.

का थांबले, हे तू विचारशील. तीस वर्षं मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सरांच्या हातात पक्कड देत आले. मशीन बिघडलं की मी दुरुस्त करायची, रिपोर्टवर सही सरांची. तुझ्या बाबांनी मला कधी अडवलं नाही, पण त्यांच्या कौतुकानेसुद्धा माझं पोट भरत नव्हतं. त्या दिवशी दुबईपासून कोलंबोपर्यंत माणसं फक्त माझी वाट बघत होती. तो पास मला सोडवला नाही. तुझा बाप घरी घामाघूम पडला होता आणि मला तो पास सोडवला नाही.

चौदा जणांशी बोलले. आयुष्यात एका पासात इतके कधी झाले नाहीत. एक वाजायला सहा मिनिटं असताना मी त्या टेकाडावर मोठ्याने हसले. त्या वेळी तू बाबांना रिक्षात धरून बसली होतीस.

तू नंतर नोंदवही मागितलीस, मी पहिलं पान दाखवलं. दुसऱ्या पानावर शून्य सात बाराची नोंद आहे, जागतिक वेळ, म्हणजे आपले बारा बेचाळीस. साडेपाच मिळवायला तुला बोटं मोजावी लागली नसती. त्या चौदा जणांना मी आजतागायत कार्ड पाठवलेलं नाही, कारण कार्डावर वेळ लिहावी लागते. ‘ताई, कार्ड’ म्हणून त्यांचे निरोप येतात. मी कंजूष आहे असं समजतात बिचारे. काल बसून चौदाही लिहिली. उद्या या पत्राबरोबर टाकीन.

हे पत्र न लिहिता मार्चची वाट बघता आली असती. कडूबाचा शब्द पक्का आहे. पण तू त्या खोलीत चार दिवस राहिली असतीस, मला जवळ घेतलं असतंस, आणि मी आतल्या आत मोजत बसले असते की हे कुणाला मिळतंय. तू फोन बंद राहिलेल्या बाईला माफ केलंस. तशी बाई आपल्या घरात कधी नव्हती.

दोन फेब्रुवारीला खुलताबादला जाणार आहे, ठरल्याप्रमाणे. वेळ तुझ्याकडे आहे.

आई


खुलताबाद
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रांजली,

पत्र तुला गुरुवारी मिळाल्याचं पोस्टाच्या वेबसाइटवर दिसलं. तीन दिवसांत वाचलं नसशील असं मी स्वतःला सांगत आले. घाट चढेपर्यंत ते पटलंही होतं.

अकरा वाजून आठ मिनिटांनी पावणा दक्षिणेकडून आला. तो तुला माझ्या आधी दिसतो, त्यामुळे मला तो लागला तेव्हा तू बोलत होतीस. कोलंबोवाल्याला चौकोन दिलास. मग रामकिसन सरांना. त्यांना ‘नमस्कार सर’ म्हणालीस. मी तुझं संपेपर्यंत थांबले. मग कॉल साइन दिली, एकदा, सावकाश. या वेळी अक्षरं अडकली नाहीत. माझाच आवाज पावण्यावरून फिरून माझ्या कानात आला, अगदी स्वच्छ. मला आला म्हणजे तुलाही गेला.

तू बोलली नाहीस. मी दुसऱ्यांदा दिली नाही.

थोड्या वेळाने सरांनी तुला पुन्हा हाक मारली, त्यांचं काहीतरी विचारायचं राहिलं होतं. त्यांनाही उत्तर नाही. दोनदा हाक मारून ते म्हणाले, ‘प्रांजलीचा सेट गेला वाटतं, संध्याताई.’ मी म्हटलं, हो सर. अजून साडेतीन मिनिटं होती. दोघं-तिघं मला बोलवत होते. मी अँटेना दगडावर ठेवून दिली.

‘ताईचा आवाज आला व्हता ना?’ कडूबाने विचारलं.

‘आला.’

‘मंग काय म्हनली?’

‘मी बोलल्यावर तिनं सेट बंद केला.’

त्याने दगडावरची अँटेना उचलून जीपमध्ये ठेवली. मग म्हणाला, ‘तुम्ही सांगाया नगं व्हतं.’ आणि जरा वेळाने, ‘नाय, सांगितलं ते बरं केलं.’ दोन्ही खरं असेल.

तुझ्या जागी मीही सेट बंद केला असता. तुझ्यावर रुसायला मला तोंड नाही, आणि मार्चबद्दल मी काही विचारणार नाही. पावणा शनिवारपर्यंत जळेल. त्याच्या आधीचे दोन-तीन पास तू घे, रामकिसन सरांना बरं वाटेल. मी त्या वेळी सेट लावणार नाही, तुला सुखाने बोलता येईल. यानंतर पत्रही पाठवणार नाही. हेच तू उघडशील की नाही, कुणास ठाऊक.

एकच गोष्ट सकाळपासून डोक्यातून जात नाही. सरांना नमस्कार म्हणालीस तेव्हा तुझा घसा बसलेला होता. सर्दी झाली आहे, की रडून रडून बसला, हे मला कळायला आता काही मार्ग नाही.

आई